मास्तरांचा एकच सौदा

दिगंबर मास्तरांनी मला फसवलं. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे आणि त्या राशीखाली ते दबून जायला नको.

वाशिमच्या आमच्या शाळेत मास्तरांची तसबीर लावायची ठरली आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याविषयी काही लिहून द्यावं, असं सांगायला धनसिंग माझ्याकडे आला होता. धनसिंग माझ्याच वर्गातला, पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरचा. आता तो त्याच शाळेत मास्तर आहे आणि दिगंबर मास्तरांच्याच खुर्चीवर बसतो. मी त्याला म्हटलं, "लिहीन. पन मले वाटते ते लिहीन." तो म्हणाला, "तुले आजवर कोनं अडवलं, किसन?" म्हणून लिहितो आहे. मी बैलांचा आणि कापसाचा दलाल आहे, लेखक नाही. पण माणूस पारखणं हा माझा धंदा आहे, आणि मास्तरांना मी शाळेत असल्यापासून पारखत आलो.

मास्तर गणित शिकवायचे आणि वरच्या वर्गांना इंग्रजीही. बुटकी मूर्ती, बंद गळ्याचा काळा कोट, तो जुना होऊन खांद्यावर हिरवट झालेला. वर्गाच्या दारात ते वहाणा काढून ठेवायचे आणि अनवाणी फळ्यासमोर उभे राहायचे. एकदा इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं, "हे काय, देवळात आलात का?" मास्तर म्हणाले, "नाही साहेब, वहाणा कुरकुरतात. मागच्या बाकावर ऐकू जात नाही." आम्ही पोरं मात्र ते देऊळच समजत होतो. मास्तरांचं खरं कारण खूप साधं असे आणि लोक त्याला मोठं करून ठेवत.

त्यांची एक सवय सगळ्या वाशिमला ठाऊक होती. काही विचारलं की ते आधी डोळे मिटत. मग तुमचा प्रश्न तुम्हालाच परत सांगत. "तू मला असं विचारतोस की..." आणि मग उत्तर. गणिताचा प्रश्न असो, नाहीतर जेवलात का असं कोणी विचारलेलं असो. माझा बाप म्हणायचा, "या मास्तराले आग लागली म्हनून सांगायले गेलं, तर घर जळून जाईन पन सवाल परत म्हनल्याशिवाय उठनार नाही हा." पण एक होतं. विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी कधी खोटं उत्तर दिलं नाही. बाप हेही म्हणायचा, आणि हे सांगताना हसायचा नाही.

माझा बाप सखाराम बैलबाजारात दलाल होता. भाव करणं म्हणजे त्याचा श्वास. त्यामुळे मास्तरांचा बाजार पाहून त्याचा जीव तळमळायचा. मास्तर भाजी घ्यायला यायचे ते माळणीने सांगितलेला भाव देऊन जायचे. घासाघीस नाही, हुज्जत नाही, वर दोन मिरच्या मागणं नाही. माळणीने आधी आधी हात धुऊन घेतले. मग एक दिवस तीच कावली. बाप शेजारीच उभा होता, त्याने ऐकलं.

"मास्तर, तुमी भाव करत जा न बाप्पा. मले घरी जाऊन घास गोड लागत नाही."

मास्तरांनी डोळे मिटले. "तुझं म्हणणं असं की, तू सांगतेस तो भाव खरा नसतो."

त्या दिवसापासून ती मास्तरांना खरा भाव सांगू लागली. पण बाजारच तो. लोकांच्या ते ध्यानात आलं. मास्तर भाजी घ्यायला निघाले की चार-पाच जण गुपचूप त्यांच्या मागे येऊन उभे राहत. मास्तरांना भाव सांगून झाला की लगेच पुढे सरत. "मलेबी त्याच भावानं दे वं." शेवटी माळणीने हात जोडून मास्तरांना सांगितलं की तुम्ही बाजार उठताना या. ते बापडे उठत्या बाजारात जाऊन उरलीसुरली वांगी घेऊ लागले. बाप कपाळाला हात लावायचा. "साऱ्या बाजारात एक मानूस भाव करत नाही, अन् त्यानंच साऱ्यायचा भाव पाडला!"

वर्गात त्यांचा एकच कायदा होता. विचारलेलं तेवढं लिहायचं. प्रश्नात मागितलं त्यापेक्षा एक ओळ जास्त लिहिली तर एक गुण कापला. आमच्या वर्गातल्या एकाला सहामाहीत भूमितीचं एक प्रमेय आलं नाही, तर त्याने खाली लिहिलं, 'काल घरी पाहुणे होते म्हणून अभ्यास झाला नाही, क्षमा असावी.' मास्तरांनी लाल पेन्सिलीने शेजारी लिहिलं, 'पाहुण्यांना माझा नमस्कार सांगणे', आणि गुण कापला. पेपर वाटताना म्हणाले, "विचारलं की सांगावं. विचारल्याशिवाय सांगू नये. आपण होऊन कारण सांगतो त्याच्याकडे उत्तर नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं."

हेच ते वाक्य. 'विचारल्याशिवाय सांगू नये.' आम्ही ते इतकं ऐकलं की शाळेच्या घंटेसारखं कानात बसलं.

संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गावोगावचे लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. तहसिलीत, शाळेत, दवाखान्यात, कुठेही अर्ज करायचा असो, मास्तरांकडून लिहून न्यायचा. फुकट लिहायचे. एकदा जऊळक्याचा कोतवाल आला, लेकीच्या लग्नासाठी रजा हवी म्हणून. दुसऱ्या कोणाकडून त्याने अर्ज लिहून आणला होता, तो मास्तरांनी तपासून द्यावा एवढंच त्याचं म्हणणं. त्यात आज्याने केलेल्या चाकरीपासून सुरुवात होती. मग बायकोचे गुडघे, मग पडलेली भिंत, मग नापिकी. लग्न अगदी शेवटी आलं होतं.

मास्तरांनी विचारलं, "पाहिजे काय?"

"रजा."

"कशाला?"

"पोरीचं लगीन."

मास्तरांनी वरचं सगळं खोडलं. दोन ओळी ठेवल्या. कोतवाल रडकुंडीला आला. "मास्तर, एवढ्याशानं साहेबाले दया कशी येईन?"

"दया यायची असेल तर तो विचारेल. विचारलं की सांग, गुडघेसुद्धा सांग."

कोतवालाला रजा मिळाली. तेव्हापासून लोकांना वाटू लागलं की मास्तरांचा अर्ज जितका आखूड तितकं काम लवकर होतं. काही जण तर घरूनच सांगून यायचे, "लय लिहू नका मास्तर, दोनच ओळी द्या."

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी की पुढे जे झालं ते नीट कळावं. अशा माणसाने एक अर्ज लिहायचा कसा हे ठरवलं, तर मी, तेव्हाचा एक पोरगा, त्यात डाव शोधायला जाणार होतो का?

मॅट्रिकची परीक्षा द्यायला आम्ही अकोल्याला गेलो. त्या वर्षी मला एकाआड हिवताप धरला होता. एक दिवस चांगला, दुसऱ्या दिवशी दुपार झाली की हुडहुडी. कोयनेल खाऊन कान वाजत, तोंड कडू पडे, पण ताप आपला दिवस चुकवत नसे. गणिताचा पेपर आला चांगल्या दिवशी. इंग्रजीचा आला तापाच्या दिवशी; मी दातावर दात आपटत, पंचा अंगावर ओढून लिहिला. शास्त्र चांगल्या दिवशी, इतिहास तापाच्या. निकाल लागला तेव्हा गुण तसेच आले. गणितात आमच्या साऱ्या भागात माझ्या वर कोणी नव्हतं. इंग्रजीत काठावर. शास्त्रात वर. इतिहासात पुन्हा काठावर. बापाने ते ऐकून म्हटलं, "हे गुन आहेत का नांगरलेलं वावर? नांगराचं एक तास वर, एक खाली."

मला नागपूरच्या एका कॉलेजात जायचं होतं. तिथे खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी वसतिगृहात थोड्या जागा होत्या, फी माफ असलेल्या. ती जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर बैलांच्या शेपट्या. घरात दुसरा मार्ग नव्हता. मला दलाल व्हायचं नव्हतं, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. मला गणित शिकायचं होतं. मास्तर फळ्यावर एखादं प्रमेय सिद्ध करून मागे सरत आणि अनवाणी पायांवर किंचित डुलत, तसं कधीतरी आपण डुलावं एवढंच मला वाटे.

अर्ज मी स्वतः लिहिला आणि शेवटी एक ओळ घातली की इंग्रजी आणि इतिहासाच्या पेपरच्या दिवशी मला हिवताप होता. मास्तरांकडे तपासायला नेला. त्यांनी लाल पेन्सिल घेऊन नेमकी तीच ओळ खोडली.

"हे विचारलेलं नाही."

"पन मास्तर, गुन कमी दिसते न."

"दिसू दे. गणित दिसतंच आहे. कारण लिहिलं की वाचणारा गुण वाचत नाही, कारणच वाचत बसतो. ती ओळ गाळून अर्ज पुन्हा लिहून आण."

मी घरी येऊन बापाला सांगितलं. बाप तसाच उठला. मास्तरांच्या ओसरीखाली त्याने वहाणा काढल्या, पण वर चढला नाही, अंगणातच उभा राहिला.

"मास्तर, पोराले ताप होता हे लिहा अर्जात."

मास्तर उठून उभे राहिले. "बसा, सखारामजी."

"बसत नाही. आमच्या बैलबाजारात रिवाज हाये. बैलाची खोड मालकानं आधी तोंडानं सांगाची, मंग भाव सांगाचा. सांगतलेल्या खोडीवर गिऱ्हाईक बैल वापस करू शकत नाही. न सांगता इकला, तर पुढच्या बाजारी दावनीले परत येते. खोड सांगतल्यानं भाव थोडा पडते, पन सौदा टिकते."

मास्तरांनी डोळे मिटले. "तुमचं म्हणणं असं की, मुलाने आपलं उणं आपण होऊन सांगावं."

"होय."

"पण सखारामजी, ताप ही खोड नव्हे. ताप आला आणि गेला. जी खोड नाही ती खोड म्हणून सांगणं, हेही खोटंच."

"हे तुमाले समजते, मले समजते. नागपूरवाल्याले तर बैल बसलेलाच दिसून राह्यला न!"

"गणितात उभा दिसतो की."

बापाला हसू आलं. "वा मास्तर! आर्धा उभा अन् आर्धा बसलेला बैल कोन घेते?"

पण तो हरला होता. ताप ही खोड नव्हे, हे त्याला पटलं. घरी येताना वाटेत दोनदा म्हणाला, "मानूस खरा आहे. खोड नाही म्हनते म्हंजे नाही." मी अर्ज पुन्हा लिहिला. हिवतापाचं अक्षरही त्यात नव्हतं. मास्तरांनी तो वाचला, मान हलवली आणि स्वतः टपालात टाकला.

नागपूरहून उत्तर आलं. मला जागा नव्हती. धनसिंगला मिळाली होती.

धनसिंगला माझ्यापेक्षा एकूण गुण कमी होते, सगळ्याच विषयांत जेमतेम. का, ते आम्हाला ठाऊक होतं. परीक्षेच्या तोंडावर त्याची आई गेली. मातीचं आटोपून तो तसाच अकोल्याला आला आणि पेपरात बसला. कोणाशी बोलला नाही. तसाही तो फार बोलत नसे. वर्गात काही विचारलं तर उभा राहून जमिनीकडे पाहायचा, उत्तर येत असलं तरी. मी मात्र बसल्याजागी ओरडायचो.

नागपूरला जाण्याआधी तो आमच्या घरी भेटायला आला. तांड्यावरून मध घेऊन आला होता. त्याला वाटलं होतं मला सगळं ठाऊक असेल.

"मी नाहीच म्हनत होतो," तो म्हणाला. "मले लाज वाटे. पन मास्तर म्हने, हे सांगाच लागते. मग त्यायनंच माह्या मायचं लिहून देल्लं. अर्जाच्या खाली. लय लिहिलं त्यायनं."

"मास्तरनं लिहिलं?"

"होय."

"कारन लिहिलं? गुन कमी काहून आले ते?"

धनसिंगने हो म्हणून मान हलवली. मी मधाचं भांडं तिथेच ठेवलं आणि निघालो.

मास्तर आणि त्यांची बायको, जिला आम्ही सगळे बाई म्हणायचो, ओसरीवर तुरीची डाळ निवडत होते. दिवस मावळायला आला होता. मी उभ्या उभ्या विचारलं. आवाज चढलेलाच होता.

मास्तरांनी डोळे मिटले. "तू मला असं विचारतोस की, धनसिंगचं कारण मी लिहिलं आणि तुझं का खोडलं."

"होय!"

"एका शाळेतून, एका हाताखालून दोन अर्ज जातात. दोन्हींत दुःख लिहिलेलं. वाचणारा म्हणेल, या मास्तरला दुःखच लिहिता येतं. दोन्ही अर्ज बाजूला टाकले गेले असते. आपल्या शाळेला एखादी जागा मिळाली तर मिळणार. धनसिंगच्या गुणांत बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तो स्वतः कधी बोलला नसता. तुझं गणित होतं. मला वाटलं, तू नुसत्या गणितावर निघशील, आणि तो कारणावर."

"वाटलं?"

"वाटलं. चुकलं."

"मंग मले ते काहून सांगतलं, विचारल्याशिवाय सांगू नये म्हनून? माह्या बापाले काहून सांगतलं, ताप ही खोड नव्हे म्हनून?"

आता त्यांनी प्रश्न परत म्हटला नाही. डोळे उघडे होते. सुपातल्या डाळीतला एक खडा त्यांनी बाजूला टाकला.

"ते तुम्हाला पटलं असतं म्हणून," ते म्हणाले.

मी सुपाला लाथ मारली. डाळ ओसरीभर झाली. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. बाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तर खाली वाकून एकेक दाणा वेचू लागले, आणि मी निघून आलो.

वाचणाऱ्याने इथे थोडं थांबावं. ज्या माणसाने जन्मात वांग्याचा भाव केला नाही, त्याने एकदाच सौदा केला. हातात दोन माल होते. एकावर बोली लावली आणि दुसऱ्याला गप्प बसवलं. वर त्या सौद्याला तत्त्वाचं नाव दिलं. असं तर मीसुद्धा करत नाही. मी लबाडी केली तर लबाडी म्हणून करतो.

बापाला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला. खोकला येईपर्यंत हसला. "अरे, हा मास्तर तर आपल्यापरीस मोठा दलाल निघाला! मले खोड नाही म्हनून पटवलं, मले!" मग हसू थांबलं. डोळे पुसत तो म्हणाला, "पन त्याले दलाली येत नाही. आपल्यात हात सोडाच्या आधी मालकाले विचारतेत. यानं तुले विचारलं नाही."

तो असं का म्हणाला ते बाहेरच्याला कळायचं नाही. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल एका हातावर रुमाल टाकतो, त्याखाली आधी विकणाऱ्याचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा. बोटं दाबून भाव सांगतात. जमला की दलाल हात तसाच धरून मालकाला मोठ्याने विचारतो, "सोडू का हात?" मालक 'सोड' म्हणाला की सौदा झाला. दलाल कितीही मोठा असो, भाव कितीही चांगला असो, विचारल्याशिवाय हात सुटत नाही. मुका मालक असला तरी त्याच्या मानेकडे पाहावं लागतं.

पुढे मी बापाच्या धंद्यात शिरलो, नंतर कापसातही. माझं जे काही आहे ते मी दोन हातांनी मिळवलं आहे, त्याचं रडगाणं मला गायचं नाही. मास्तर रस्त्यात दिसले तर मी रस्ता बदलत नव्हतो. नमस्कार करत होतो. ते "बरा आहेस?" विचारत. मी "बरा" म्हणत असे. एवढंच. बाप मात्र त्यांना पाहिलं की मुद्दाम थांबून रामराम घालायचा आणि मला म्हणायचा, "पाह्य, हे मोठे दलाल चालले."

शेवटचं पाहिलं ते आमच्या वाशिमजवळच्या मालेगावच्या बैलबाजारात. बाप नव्हता तेव्हा. मास्तर निवृत्त झाले होते, बाईंची तब्येत बरी नव्हती, वैद्याने दूध सांगितलं होतं, म्हणून गाय घ्यायला आले होते. मला लांबूनच दिसलं. एका तांबड्या गायीसमोर तो हिरवट काळा कोट उभा, आणि विकणारा गडी जिभेवर येईल तो भाव सांगतो आहे. मास्तर कोटाच्या खिशात हात घालणार, एवढ्यात मी जाऊन मध्ये उभा राहिलो.

"थांबा मास्तर. इथं असं देत नसतेत."

गडी मला ओळखत होता. त्याचं तोंड उतरलं. मी त्याला म्हटलं, "खोड सांग आधी."

"खोड नाही, किसनराव."

"वासरू समोर नसलं तर लाथ मारते का नाही?"

गडी जमिनीकडे पाहू लागला. "मारते."

"मोठ्यानं सांग. मास्तराले आयकू जाऊ दे."

त्याने मोठ्याने सांगितलं. मास्तर म्हणाले, "सांगितलंस ना, बरं झालं. वासरू समोर बांधू." आणि पुन्हा हात खिशाकडे. मी रुमाल काढला. गड्याचा हात धरून त्याचा भाव खाली आणला. मग रुमाल मास्तरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांचा हात धरला.

तो हात मी पहिल्यांदाच धरला. खडूने भेगाळलेला, हलका, वाळल्या पानासारखा. त्यांनी बोटं दाबायला हवी होती. त्यांना काही येत नव्हतं. तळहात तसाच उघडा माझ्या हातात पडून राहिला.

"बोटं धरा मास्तर. किती देता?"

"मला हे येत नाही, किसन. तू ठरव."

मी चार बोटं त्यांच्या तळहातात दाबली, भाव कानात सांगितला. वाजवी भाव होता. मग हात धरूनच मोठ्याने विचारलं, "मास्तर, सोडू का हात?"

"तू म्हणशील तसं."

"नाही. पैशाच्या मालकालेबी विचारल्याशिवाय हात सुटत नाही. तुमीच सांगा. सोडू का?"

आजूबाजूला माणसं उभी होती. त्यांना वाटलं, किसन दलाल म्हाताऱ्याची गंमत करतो आहे. मास्तरांनी डोळे मिटले. रुमालाखाली त्यांचा हात थोडा घट्ट झाला.

"तू मला असं विचारतोस की," ते हळू म्हणाले आणि तिथेच थांबले. मग म्हणाले, "सोड."

मी हात सोडला. गायीचं दावं त्यांच्या हातात दिलं. वासरू मागून येत होतं. थोडं पुढे जाऊन ते थांबले, वळले.

"किसन, तुला मला काही विचारायचं आहे का?"

मला ठाऊक होतं ते काय म्हणत आहेत. विचारलं की ते सांगणार, खरं सांगणार, हेही ठाऊक होतं. पण इकडे दोन गिऱ्हाईकं माझी वाट पाहत होती, लोक बघत होते, आणि माझ्या डोक्यात अजून राग होता.

"नाही मास्तर," मी म्हटलं. "ऊन वाढलं. निघा तुमी."

वाशिमच्या रस्त्याने ते निघाले. गाय पुढे, ते मागे. दावं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, वर्गात पुस्तक धरत तसं. गाय रस्त्याच्या कडेला गवतासाठी थांबली की तेही थांबत, तिचं होईपर्यंत. तिला ओढत नव्हते. गावाबाहेरच्या बाभळींपर्यंत मी पाहत होतो. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. वर्षाच्या आत गेले.

धनसिंग, तुमचा तसबिरीचा समारंभ आहे. तू भाषण करशील. सच्चा माणूस होता, कधी तडजोड केली नाही, कधी सौदा केला नाही, असं लोक म्हणतील आणि टाळ्या वाजवतील. तसबिरीखाली त्यांचं वाक्य लिहिणार आहात असंही ऐकलं. विचारल्याशिवाय सांगू नये. लिहा. पण देऊन टाकण्याआधी विचारावं, हे कुठे लिहिणार?

तुझ्या जागेवर माझा डोळा नाही. तुझी आई गेली होती, मला नुसता ताप होता. ती जागा तुझीच होती असं कोणी मला तेव्हा समजावलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं. हे मास्तरांना ठाऊक होतं, तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. पण ते 'नाही' माझं होतं, आणि कधी काळी 'हो' म्हणायचं झालं असतं तर ते 'हो'ही माझं होतं. दोन्ही मला न विचारता खर्च झाली.

बाजारात मी मास्तरांना विचारलं नाही. आता विचारतो, आणि ते नाहीत. तू त्यांच्या खुर्चीवर बसतोस. तुझ्याकडेही पोरं अर्ज घेऊन येत असतील. समारंभाला मी पुढच्या रांगेत येऊन बसेन. हार घालण्याआधी डोळे मीट, माझा प्रश्न साऱ्यांसमोर परत म्हण आणि मग उत्तर दे:

मले काहून नाही विचारलं?